शाळेच्या वहींतलीं माणसें

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार परिचयाचा आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, त्याच्या शाखा कोठें पसरल्या, कोणी इनाम मिळविलें, कोण दत्तक गेला, हें सर्व त्यांत मोठ्या खटपटीनें जमविलेलें असतें. त्याच्याही पूर्वींपासून नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं, त्यांच्या बापआज्यांचीं आणि त्यांच्या गांवांचीं नांवें लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. रक्ताच्या नात्याची नोंद ठेवण्यांत मराठी माणूस कधीं मागें राहिला नाहीं. परंतु मनुष्याला दुसराही एक गोतावळा असतो. ज्यांच्या शेजारीं एका बाकावर बसून त्यानें पाढे म्हटले, छड्या खाल्ल्या आणि परक्या भाषेचें व्याकरण घोकलें, त्या सोबत्यांचा हा गोतावळा होय. त्यांचें पुढें काय झालें, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं.

वास्तविक अशा नोंदीचें मूळ साधन प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटांत असतें. पुण्या-मुंबईकडे त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. नागपूर-वर्ध्याकडे त्याचें नांव दाखल-खारीज. मुलगा शाळेंत आला कीं तो दाखल झाला, आणि गेला कीं खारीज झाला. या दोन शब्दांच्या मध्यें त्याचें सारें बालपण बसविलेलें असतें. वर्धा जिल्ह्यांतील जुन्या इंग्रजी शाळांची ही वही आणि तिच्यांतून घडूं शकणारा माजी विद्यार्थ्यांचा चरित्रसंग्रह हा या भाषणाचा विषय आहे. मराठी चौथी संपली कीं इंग्रजी पहिली सुरू होई आणि मॅट्रिकच्या परीक्षेपाशीं तिचा शेवट होई. इंग्रजी शाळा या शब्दाचा आजोबा-पणजोबांच्या बोलण्यांतील हाच अर्थ येथें घेतला आहे.

असा संग्रह करण्याची रीत इंग्लंडांत फार जुनी आहे. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेंत १५६२ पासून दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची यादी १८८२-८३ मध्यें छापून निघाली. लंडनच्याच सेंट पॉल्स शाळेचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. ही शाळा जॉन कॉलेट यानें १५०९ मध्यें स्थापिली. कवि मिल्टन आणि दैनंदिनीकार पेपीस हे तिचे विद्यार्थी. श्रीअरविंदही १८८४ मध्यें याच शाळेंत दाखल झाले. १६६६ च्या लंडनच्या आगींत शाळेची इमारत जळाली व तिच्याबरोबर जुनीं दप्तरेंही गेलीं. म्हणून छापलेली प्रवेशयादी १७४८ पासून सुरू होते. मिल्टनसारख्या महाकवीची शाळेंतील पहिली तारीख त्यामुळें कोणास दाखवितां येत नाहीं. कागद एकदां गेला म्हणजे पुढें कितीही कीर्ति मिळाली तरी ती त्या एका ओळीची भरपाई करूं शकत नाहीं.

केंब्रिज विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा कोश हें या कामाचें सर्वांत मोठें उदाहरण. तर्कशास्त्रांतील वर्तुळांच्या आकृत्यांमुळें ज्याचें नांव आज शाळकरी मुलांसही माहीत आहे, त्या जॉन व्हेन यानें तें हातीं घेतलें. पहिला भाग १९२२ मध्यें निघाला आणि पुढच्याच वर्षीं व्हेन वारला. त्याच्या मुलानें काम पुढें चालविलें व दहावा भाग १९५४ मध्यें पुरा झाला. बाप, जन्मगांव, पूर्वीची शाळा, प्रवेशाचें वर्ष, पदवी, पुढील उद्योग आणि मृत्यु, एवढ्याच गोष्टी त्यांत प्रत्येकाविषयीं थोड्या शब्दांत दिल्या आहेत. कोणी बिशप झाला, कोणी खेड्यांतील साधा पाद्री राहिला, कोणी ऐन तारुण्यांत वारला. तरी ज्याचें नांव विद्यापीठाच्या दप्तरांत आहे, त्याला कोशांत जागा आहे. थोर पुरुषांच्या चरित्रमालेंत आणि अशा कोशांत भेद आहे तो हाच. चरित्रमाला निवड करते. हा कोश कोणालाही वगळीत नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर तेथील शाळांनीं आणखी एक काम केलें. रणांगणावर पडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचीं चरित्रें हॅरो शाळेनें सहा भागांत आणि रग्बी शाळेनें सात भागांत छापलीं. तीं सधन घरांचीं मुलें होतीं व शाळांपाशींही पैसा होता, हें खरें. तथापि, ज्या मुलाच्या आयुष्याला वीस-बावीस वर्षांच्या पुढें जातां आलें नाहीं त्याचीही हकिकत सांगण्याजोगी आहे, ही त्यामागची दृष्टि पैशानें येत नाहीं.

आतां वर्ध्याकडे वळावें. वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यांत आला. त्याचें ठाणें आरंभीं पुलगांवजवळ कवठ्यास होतें. १८६६ मध्यें पालकवाडीच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें. म्हणजे हें शहरच मुळीं इंग्रजी अमलांतलें. येथें पेशवाईंतले वाडे नाहींत कीं भोसल्यांच्या वेळचे बुरूज नाहींत. रेल्वे, कचेरी, कापसाचा बाजार आणि शाळा या चार खांबांवर तें उभें राहिलें. हिंगणघाटचा कापूस त्यापूर्वींच नांवाजलेला होता. ज्या जिल्ह्यांत मालगुजार, पटवारी, आडते, वकील, जिनिंग कारखान्यांतले कारकून आणि रेल्वेचे नोकर अशी नवी वस्ती जमत होती, तेथें इंग्रजी शाळेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शेतकऱ्याच्या घरांतून कचेरींत जाण्याची वाट त्या शाळेच्या दारांतून जात असे.

वर्ध्याच्या एका हायस्कुलास क्रॅडॉक हें नांव मिळालें, तें १९०७ ते १९१२ या काळांत मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेले सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांचें. क्रॅडॉकसाहेब पुढें व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचे गृहसभासद झाले, ब्रह्मदेशाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि शेवटीं इंग्लंडांत पार्लमेंटांत बसले. त्यांचें चरित्र कोणत्याही ग्रंथालयांत बसून अर्ध्या घटकेंत लिहितां येईल. पण त्यांचें नांव मिरविणाऱ्या शाळेंत आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट या बाजूंनीं येऊन जीं मुलें शिकलीं असतील, त्यांतल्या दहांचीं चरित्रें तरी कोणास सांगतां येतील काय? दारावरच्या पाटीची हकिकत उपलब्ध आणि आंत बसलेल्यांची नाहीं, ही आपल्या इतिहासलेखनाची एक जुनी तऱ्हा आहे.

ही माणसें शोधून काढणें अशक्य मात्र नाहीं. मध्य प्रांताला स्वतःचें विद्यापीठ १९२३ मध्यें, नागपूर विद्यापीठाच्या रूपानें, मिळालें. त्यापूर्वीं या प्रांताचा विद्यापीठीय संबंध प्रथम कलकत्त्याशीं व मागाहून अलाहाबादेशीं होता. तेव्हां वर्ध्याच्या एखाद्या जुन्या पदवीधराचा माग काढावयाचा तर तो वर्ध्यास बसून पुरा होणार नाहीं. त्या दोन विद्यापीठांचीं वार्षिक पुस्तकें धुंडाळावीं लागतील. कांहीं माणसें तर जिल्ह्याच्या शाळेंत मुळींच सांपडणार नाहींत. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाटास झाला. पण त्यांचें शिक्षण नागपुरास झालें. जन्मानें जिल्ह्याचे कोण आणि शाळेनें जिल्ह्याचे कोण, या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. नाहीं तर अभिमानाच्या भरांत एकाच नांवावर दोन गांवें हक्क सांगतात.

आतां ही वही उघडली म्हणजे काय दिसतें? अनुक्रमांक, मुलाचें व पालकाचें नांव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख व इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचें कारण आणि शेवटीं शेरा. दहा-बारा रकान्यांची ही एक ओळ. तिच्यांतल्या सर्वच गोष्टी सारख्या विश्वसनीय नसतात. जन्मतारखेचेंच पाहा. आईला तिथि आठवे, नाहीं तर अमक्या सालच्या पुरानंतरची दुसरी दिवाळी आठवे. पण गुरुजींच्या रकान्याला इंग्रजी महिना आणि तारीख हवी असे. मग कितीतरी मुलांचा जन्म गुरुजींच्या लेखणीनें १ जून रोजीं झाला. चरित्रकारानें अशी तारीख पाहिली कीं थबकावें. पूर्वीची शाळा हा रकाना त्या मानानें खरा. कारण तेथें दुसऱ्या शाळेचा दाखला पुढें ठेवावा लागे. त्यावरून मुलगा कोणत्या गांवाहून कोठें गेला, हें सलग लावतां येतें.

एका ओळीचें मोल केवढें असूं शकतें, हें सातारच्या उदाहरणावरून कळतें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथील सरकारी हायस्कुलांत इंग्रजी पहिलींत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरांत त्याचा क्रमांक १९१४ आणि नांव भिवा रामजी आंबेडकर. त्या दिवशीं लिहिणाऱ्या कारकुनाला ती इतर ओळींसारखीच एक ओळ होती. आज त्या तारखेस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस पाळला जातो. तसा निर्णय सरकारनें २०१७ मध्यें केला. शंभर वर्षांहून अधिक काळ ती वही कोणीतरी वाळवीपासून व पावसापासून जपली, म्हणूनच हें घडलें. कोणती ओळ पुढें मोलाची ठरेल, हें लिहितांना कोणालाच कळत नसतें. यास्तव सगळ्याच ओळी जपाव्या लागतात.

या उलट एक गोष्ट आचार्य विनोबा भावे यांची. विनोबा १९२१ मध्यें वर्ध्यास आले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनारास त्यांनीं देह ठेवला. अर्थात् त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग याच जिल्ह्याच्या नांवावर आहे. त्यांचें शालेय शिक्षण बडोद्यास झालें. १९१६ मध्यें घर सोडण्यापूर्वीं त्यांनीं आपलीं शाळेचीं प्रमाणपत्रें आईच्या डोळ्यांदेखत चुलींत घातलीं. पुढें लागलीं तर, अशी आईची काळजी. आणि तीं कधींच लागणार नाहींत, असा मुलाचा निश्चय. प्रमाणपत्र हें विद्यार्थ्याच्या मालकीचें, तें तो जाळूं शकतो. शाळेची वही मात्र त्याच्या मालकीची नसते. ज्यानें शाळेकडे पाठ फिरविली त्याचीही नोंद तिच्यांत राहते, आणि चरित्रकाराला तीच अधिक बोलकी वाटते.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यांत विशेष आहे. डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराचा ठराव कायम केला. सरकारी शाळांवरील बहिष्कार हें त्याचें एक कलम होतें. पुढें १९३० चा सत्याग्रह आला आणि १९४२ चा लढाही आला. त्यांत १६ ऑगस्ट १९४२ रोजीं याच जिल्ह्यांतील आष्टी येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. अशा काळांत जो मुलगा शाळेंतून बाहेर पडला त्याच्या नांवापुढें काय लिहिलेलें असणार? सतत गैरहजर, म्हणून नांव कमी केलें. किंवा फी थकल्यामुळें नांव कमी केलें. कारकुनानें खोटें लिहिलें असें नव्हे. त्याच्या रकान्यांत मावेल तेवढें त्यानें लिहिलें. पण त्याच शब्दांत दुष्काळामुळें शाळा सोडणारा कुणब्याचा मुलगाही बसतो, बाप वारल्यामुळें दुकानावर बसलेलाही बसतो आणि प्रभातफेरींत गेलेलाही बसतो. ‘नांव कमी’ या दोन शब्दांमागें कोणतें कारण होतें, हें सांगणारीं घरांतलीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. हॅरो आणि रग्बी शाळांनीं मुलांच्या मृत्यूनंतर दोन-चार वर्षांतच त्यांच्या आईबापांना विचारून घेतलें. येथें तें आतां नातवंडांना विचारावें लागणार आहे.

वर्ध्याच्या शिक्षणाच्या इतिहासांत ज्यांचें नांव पहिल्यानें घ्यावें, ते जमनालाल बजाज तर कोणत्याही इंग्रजी शाळेच्या यादींत शोभण्याजोगे विद्यार्थी नव्हते. ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं राजपुतान्यांत जन्मलेले आणि लहानपणींच वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरीं दत्तक आलेले जमनालालजी प्राथमिक शाळेंतूनच बाहेर पडले. श्रीकृष्णदास जाजू यांच्यासह त्यांनीं १९१४ मध्यें शिक्षण मंडळ स्थापिलें. या मंडळाचें मारवाडी विद्यालय पुढें नवभारत विद्यालय या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, प्रफुल्लचंद्र राय, बाळासाहेब खेर अशीं माणसें तेथें जमलीं आणि वर्धा योजना या नांवानें ओळखली जाणारी शिक्षणपद्धति तेथून निघाली.

विद्यार्थ्याची नोंद कशाची ठेवावी, या प्रश्नाचें निराळें उत्तर या योजनेंत होतें. झाकिर हुसेन समितीनें शाळेच्या साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगाला दिलीं. मातृभाषेला चाळीस मिनिटें. सेवाग्रामांत आर्यनायकम् पतिपत्नींनीं ही शाळा चालविली, तेव्हां मुलानें किती सूत काततां आणलें, तें किती सारखें निघालें, शेतांत व सफाईंत कोणतें काम केलें, यालाही हिशेबांत जागा मिळाली. दाखल-खारीज वही सांगते कीं मुलगा कोणाचा; परीक्षेची यादी सांगते कीं तो कितवा; आणि सेवाग्रामचा हिशेब सांगूं पाहत होता कीं त्यानें काय केलें. चरित्राला या तिन्ही गोष्टी लागतात. परंतु तिसरी नसेल तर पहिल्या दोहोंवरून फक्त ओळखपत्र तयार होतें, चरित्र होत नाहीं.

जुनी वही हा केवळ इतिहासवेड्यांचा विषय आहे असें कोणी समजूं नये. महाराष्ट्रांत जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करतांना जुना पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा त्यासाठीं धरल्या जातात. त्यांच्या आधीं आजोबा शाळेंत गेले असतील तर शाळेच्या वहींतली ती ओळ नातवंडाच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा किंवा नोकरीचा आधार ठरते. ज्या रकान्यानें एके काळीं मुलाला वर्गांत वेगळें बसविलें, त्याच रकान्याचा उतारा आज त्याच्या नातीला वर्गांत जागा मिळवून देतो. आणि ज्या घरांतले आजोबा शाळेंत गेलेच नाहींत, किंवा ज्या शाळेची वही पावसांत भिजली, त्या घराची काय अडचण होते, हें जात पडताळणी समितीच्या दारांत उभें राहिल्यावर समजतें. वही जपणें हें म्हणूनच शाळेचें सौजन्य नसून कर्तव्य आहे.

कर्तव्याच्या पुढची पायरी चरित्रसंग्रहाची. मराठीला या विद्येची तोंडओळख नाहीं असें नव्हे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनीं एकट्याच्या चिकाटीनें प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ मध्यें वाचकांच्या हातीं दिले. एका शाळेचा संग्रह त्या मानानें लहान काम आहे. प्रथम वहीची नक्कल व छायाचित्रें करून ठेवावींत. मग दर वर्षाची यादी गांववार लावावी, कारण मुलें गांवांहून आलीं आणि त्यांच्या आठवणी गांवांतच आहेत. घरोघर विचारलें असतां जुनें पत्र, बक्षिसाचें पुस्तक, पागोटें घातलेल्या मास्तरांसह काढलेलें वर्गाचें छायाचित्र असें कांहीं ना कांहीं निघतें. सांगितलेलें आणि लिहिलेलें जेथें जुळत नाहीं तेथें दोन्ही नमूद करावें.

मुलींच्या बाबतींत अधिक दक्षता हवी. सासरीं गेल्यावर मुलीचें आडनांव बदलतें आणि पुष्कळ घरांत तिचें नांवही बदलत असे. शाळेच्या वहींतली मुलगी आणि पुढें शाळा काढणारी किंवा तुरुंगांत जाणारी बाई एकच आहे, हें सांगणारा धागा माहेरच्या एखाद्या वृद्ध नातलगापाशींच असतो. तो तुटला कीं ती दोन अर्धवट माणसें होऊन राहते.

कांहीं गोष्टी छापूं नयेत, हेंही ओघानेंच आलें. हयात माणसाची जात, त्याचें नापास होणें, फीसाठीं झालेली त्याच्या बापाची अडचण ही वहींत असली तरी ती छापण्याचा अधिकार शाळेला पोंचत नाहीं. तसेंच सरन्यायाधीशाला पान आणि पोस्टमनला अर्धी ओळ अशी वांटणीही करूं नये. न्यायाधीशाचें चरित्र अन्यत्र मिळेल. चाळीस वर्षें एकाच तालुक्यांत पायीं टपाल वांटणाऱ्याचें दुसरें कोणतेंही पुस्तक नाहीं. केवळ यशस्वी विद्यार्थ्यांची यादी ही शाळेची जाहिरात होते. सर्व विद्यार्थ्यांची यादी हा त्या जिल्ह्याचा इतिहास होतो. कारण कापसाच्या भावाबरोबर पटावरचीं मुलें कशीं वाढलीं व घटलीं, कोणत्या जाती शाळेंत केव्हां आल्या, आणि शिकून कोण गांवीं परतलें व कोण गेलें तें गेलेंच, हें तीच सांगूं शकते.

वर्धा जिल्ह्यांतील ज्या शाळांनीं शंभरी गांठली आहे, त्यांच्या वर्धापनदिनांना पाहुणे येतात, भाषणें होतात, स्मरणिका निघतात. त्यांपैकीं एका वर्षीं भाषणें थोडीं कमी करून वहीचें पहिलें पान वाचून दाखविलें आणि त्या पानावरच्या पंचवीस-तीस नांवांचीं घरें शोधण्याचें काम वरच्या वर्गांतील मुलामुलींकडे सोंपविलें, तर सुरुवात होईल. मुलांना त्यांत इतिहास शिकतां येईल, घरांतल्या वृद्धांना विचारणारें कोणी भेटेल, आणि ज्यांच्या नांवापुढें इतकीं वर्षें फक्त ‘नांव कमी’ एवढेंच लिहिलेलें होतें, त्यांच्यापैकीं कांहींजणांच्या ओळी तरी पुऱ्या होतील.